दोनशे बारा वाक्यं

तिसऱ्या ठिपक्यावर ते पुन्हा थांबलं. लॅपटॉपचा काळा पडदा, मधोमध गोल चिन्ह, चिन्हाखाली पाच ठिपके. एकामागून एक उजळायचं आणि विझायचं, एवढंच त्यांचं काम. पहिला उजळला, दुसरा उजळला, तिसरा उजळला आणि तसाच राहिला. मी दोन्ही हात टेबलावर ठेवून बसलो. ही यंत्रं कधी कधी विचार करत असतात, त्यांना जरा वेळ द्यावा, असं मी गेली बावीस वर्षं लोकांना सांगत आलोय. मिनिट गेलं. दोन गेली. पेन ड्राइव्हच्या टोकाशी मघापर्यंत लुकलुकणारा निळा दिवाही आता एकटक झाला. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि चार वाजता बायको घरी येणार होती.

अठरा दिवसांपूर्वी तिचं स्वरयंत्र काढलं. 'काढलं' हा शब्द डॉक्टरांचा. अक्कलदाढेबद्दल बोलावं तसा त्यांनी तो उच्चारला आणि मीही मान हलवली. आता ती गळ्याशी केलेल्या छिद्रातून श्वास घेते आणि तिला बोलता येत नाही. घसा बसलाय, उद्यापरवा सुटेल, असं नाही. येत नाही आणि येणार नाही. शस्त्रक्रियेआधी हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी आम्हाला एक वाट दाखवली होती. एक प्रोग्राम असतो. माणसाने ठरावीक साडेतीनशे वाक्यं वाचून रेकॉर्ड करायची, प्रोग्राम तो आवाज शिकतो, आणि पुढे काहीही टाइप केलं तरी त्याच आवाजात बोलून दाखवतो. बाई हे सांगत होत्या तेव्हा बायको फरशीकडे बघत होती आणि मी खुर्चीत पुढे सरकलो होतो. मला काम मिळालं होतं. उशाशी बसणं, हात हातात घेणं, धीराचे चार शब्द बोलणं हे मला कधी जमलं नाही. माइक जोडणं जमतं. वाक्यं तरी काय एकेक होती. 'जिन्याखाली दोन निळ्या बादल्या ठेवल्या आहेत.' 'धाकट्याने छत्री उघडली आणि वारा पडला.' अर्थाशी देणंघेणं नाही, भाषेतला प्रत्येक ध्वनी कुठे ना कुठे यावा एवढाच हिशोब. ती वाचायची आणि मध्येच हसायची. "अरे पण बादल्या जिन्याखाली ठेवल्या कुणी? येता-जाता पाय अडकेल ना कुणाचा." मी म्हणायचो, थांब, हसू नकोस, पुन्हा घे. शस्त्रक्रियेची तारीख गुरुवारची होती, ती अलीकडे येऊन सोमवारची झाली आणि आमची दोनशे बारा वाक्यंच झाली. थेरपिस्ट बाई म्हणाल्या, पुरतील. मग काय, मी सगळ्यांना सांगत सुटलो. डॉक्टरांना, मेहुणीला, समोरच्या बिऱ्हाडातल्या आजोबांना. ती घरी यायच्या आधी तिचा आवाज घरी आलेला असेल, हे माझं ठरलेलं वाक्य होतं. तिने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला अजून बोलता येत होतं. ती म्हणाली, "बघ बाबा, नाहीतर दोघांतलं एकच यायचं."

मी बटण दाबून धरलं आणि लॅपटॉप बंद केला. पुन्हा चालू केला. पुन्हा पर्यायांची यादी आली, पुन्हा पहिला पर्याय निवडला, पुन्हा चिन्ह. या वेळी दुसऱ्याच ठिपक्यावर थांबलं. लॅपटॉप तिचा, पातळसा, पंखा नसलेला. आत घरघर नाही म्हणून रेकॉर्डिंगला मीच तो पसंत केला होता. आता त्याच्या त्या पातळपणाचा मला राग येत होता, कारण जाड, जुन्या, ढब्ब्या यंत्रातली डिस्क चार स्क्रू काढले की हातात येते आणि दुसऱ्या यंत्राला जोडता येते. याची डिस्क बोर्डालाच डाग देऊन बसवलेली. तिच्यापर्यंत जायचं तर एकच मार्ग होता: पेन ड्राइव्हवर यंत्र चालवणारी एक अख्खी लिनक्स यंत्रणा असते, तिला बाहेरून आत शिरवायचं, जागं करायचं आणि तिच्या हातून आतल्या फायली उचलायच्या. आतली यंत्रणा मीच काल मारली होती. बोलणारा प्रोग्राम चढवायचा तर तो म्हणाला आधी यंत्रणा नवी करा. नवी करायला घेतली तर त्रेसष्ट टक्क्यांवर रेंगाळली. आणि पाऊण तास वाट बघून मी बटण दाबून धरलं. असं कुणी ऑफिसात केलं असतं तर त्याला मी चारचौघांत सोलला असता. थोडा वेळ देता आला नाही का तुम्हाला, असं म्हणालो असतो.

आणि याहून मोठी गोष्ट मी अजून कुणालाही सांगितलेली नव्हती. ऑफिसात मला पाठीमागे 'तीन प्रती' म्हणतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी टेबलाशी उभं करून सांगतो, जिच्या तीन प्रती नाहीत ती फाइल तुमची नाही, ती यंत्राची आहे, यंत्राला वाटेल तोवर ते तुम्हाला वापरू देईल. हे मी शिपायापासून संचालिकाबाईंपर्यंत सगळ्यांना ऐकवलंय. आणि या दोनशे बारा वाक्यांची प्रत एकच होती. दुसरी नव्हती. तिसरी तर नव्हतीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. विसरलो असतो तर स्वतःची कीव तरी करता आली असती. पण मी विसरलो नव्हतो, मी ठरवून प्रत काढली नव्हती. वाक्यं कच्ची होती. प्रत्येकाच्या आधी खुर्चीची करकर होती, तिचं खाकरणं होतं, मागे 'सुरू करू?' होतं. ते सगळं नीट कापून, स्वच्छ करून मगच तीन प्रती काढायच्या होत्या. कचऱ्याच्या काय प्रती काढायच्या, असा माझा विचार. हा विचार फक्त माझ्यासारख्या माणसाच्याच डोक्यात येऊ शकतो. दुसऱ्या कुणीही, ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही त्याने, आधी घाबरून चार ठिकाणी फायली कॉपी करून ठेवल्या असत्या.

पेन ड्राइव्ह उजवीकडच्या खाचेतून काढून डावीकडे लावला. तेच. दुसरा पर्याय निवडला, ज्यात चित्रबित्र दाखवायच्या भानगडीत न पडता यंत्र साध्या पडद्यावर सुरू होतं. दहांतली आठ यंत्रं त्याने उठतात. हे नववं किंवा दहावं. चिन्ह जरा मोठं आणि ओबडधोबड दिसलं, एवढाच फरक, आणि मग तोच पुतळा. दर वेळी मी बटण दाबून धरत होतो. आत त्या डिस्कवर काय चाललंय, अर्धवट मेलेल्या यंत्रणेच्या शेजारी ती वाक्यं कोणत्या अवस्थेत पडली आहेत, माझ्या एकेका दाबण्याने त्यांतली किती जाताहेत, काही दिसत नव्हतं. उठून पाणी प्यायलो. पलंगावर नवी चादर घातलेली होती, उशा चढ ठेवलेल्या, कारण तिला आता सपाट झोपायचं नाही. टेबलावर वाफ देणारं यंत्र, गॉजच्या घड्या, छोटा आरसा. हे सगळं मेहुणीने यादी देऊन माझ्याकडून करून घेतलं होतं. यादीत शेवटी तिने लिहिलं होतं, 'आवाज', आणि पुढे बरोबरची खूण आधीच करून टाकली होती, कारण ते माझ्याकडे म्हणजे झाल्यातच जमा.

परत येऊन बसलो आणि जे पहिल्यांदाच करायला हवं होतं ते केलं. ते चिन्ह आणि ठिपके म्हणजे नुसता दर्शनी पडदा असतो. मागे यंत्र ओळीमागून ओळ बोलत असतं, हे सापडलं, ते जोडलं, हे मिळालं नाही. पण सुरुवातीच्या आज्ञेतच एक शब्द घातलेला असतो की गप्प राहा, माणसाला त्रास देऊ नकोस. मी ती आज्ञा उघडली, तो शब्द खोडला आणि एंटर दाबलं. पडदा काळा झाला आणि पांढऱ्या बारीक ओळी धबाधबा पडायला लागल्या. बरं वाटलं. आता निदान कुठे दुखतंय ते तरी सांगेल. ओळी वर सरकत होत्या आणि मी डोळे फाडून वाचत होतो, सगळ्या, कामाच्या आणि बिनकामाच्या. यंत्राचं बोलणं मी असं वाचतो, हे तिला ठाऊक होतं. ती ग्रंथालयात काम करते. दिवसभर तोंडावर बोट ठेवून बसायचं आणि घरी आल्यावर साचलेलं सगळं ओतायचं, असा तिचा रिवाज. कोण आलं, कुणी कुठलं पान फाडलं, निवृत्त मास्तर वर्तमानपत्र उलटं धरून कसे झोपले. चप्पल काढता काढता सुरुवात व्हायची ती ताट धुऊन ठेवेपर्यंत. मी पडद्याकडे बघत असायचो. "तुझ्या त्या डबड्याने एक ओळ लिहिली की दहादा वाचतोस," ती म्हणायची, "मी काय वाईट लिहिते का?" मग मी म्हणायचो, ऐकतोय गं, बोल तू. ओळी थांबल्या. शेवटची ओळ अर्धीच होती. मी ती कागदावर उतरवून घेतली. पुन्हा चालू केलं. या वेळी बरंच पुढे जाऊन थांबलं, वेगळ्याच ओळीवर. तीही उतरवली. तिसऱ्या वेळी पहिल्यापेक्षाही आधी. तीन वेळा, तीन जागा. यात काहीतरी होतं, ते मला दिसायला हवं होतं, आणि मी कागदाकडे बघत राहिलो.

पाऊण वाजता फोन वाजला. मेहुणी.

"भाऊजी, कागदपत्रं झाली. आता शेवटची पट्टी बदलली की निघतो. कदाचित चारच्या आधीच पोचू."

"सावकाश या. घाई नाही."

"ताई विचारतेय, झालं का."

"विचारतेय म्हणजे?"

"पाटीवर लिहिलंय तिने. 'आली का ती घरी?' असं लिहिलंय. ती कोण हो?"

ती म्हणजे तिचा आवाज, हे मला कळलं. "सांग तिला, झालंच. हात फिरवायचा राहिलाय नुसता."

मी खोटं क्वचितच बोलतो, कारण ते लक्षात ठेवावं लागतं. फोन ठेवल्यावर मी दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून बसलो आणि तिचा आवाज आठवून बघायचा ठरवला. निदान तेवढं तरी. कागदावर नाही, यंत्रावर नाही, माझ्या डोक्यात. एकवीस वर्षांचा संसार. एखादी तरी प्रत आत असेलच. तर आठवेना. म्हणजे ती काय काय म्हणायची ते आठवत होतं, तिची वाक्यं अक्षरशः सांगता आली असती, पण ती सगळी माझ्याच आवाजात ऐकू येत होती. मी घाबरलो. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी, दोनशे बारावं वाक्य झाल्यावर, तिने कॉलरचा छोटा माइक काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "पुरे झाल्या तुझ्या बादल्या आणि छत्र्या. आता मला माझं बोलू दे." मग ती पलंगावर पाय वर घेऊन बसली आणि बोलायला लागली. मी इथेच, याच टेबलाशी होतो. फायलींची नावं लावायची होती, एक ते दोनशे बारा, क्रमाने. यंत्राने त्यांना काहीबाही नावं दिली होती. मला वाटलं, ती बोलतेय, बोलू दे, मोकळं होईल तिचं. मी हुंकार देत होतो. किती वेळ बोलली? अर्धा तास? तास? आणि काय बोलली? मी तळवे आणखी जोरात दाबले. भीतीचं काहीतरी होतं. तिच्या आईचं काहीतरी होतं. एकदा माझं नाव घेतलं होतं बहुतेक. एकशे चाळीसच्या पुढे दोन फायली एकाच वाक्याच्या निघाल्या होत्या आणि त्यांतली कुठली ठेवायची हा प्रश्न मला पडला होता. हे मला लख्ख आठवत होतं. ती तिच्या स्वतःच्या तोंडाने शेवटचं बोलत होती आणि माझ्याकडे त्यातलं एकही वाक्य नव्हतं. म्हणून मला ती दोनशे बारा हवी होती. बादल्यांची, छत्र्यांची, कसली का असेनात.

शेवटी मी ऑफिसातल्या सर्व्हरवाल्याला फोन लावला. आमचं फारसं पटत नाही. तो गबाळा आहे, टेबलावर खातो, आणि माझ्या तीन प्रतींची नक्कल तो करतो अशी माझी खात्री आहे. पण अडला हरी. मी त्याला सगळं सांगितलं. एका प्रतीचं सोडून.

"तिन्ही वेळा वेगळ्या जागी थांबलं?" तो काहीतरी चावत होता.

"हो."

"मग लॅपटॉप कशाला कुटतोयस? पेन ड्राइव्ह तपासलास?"

"डाउनलोड केलेली फाइल तपासलीय. पडताळणीचा आकडा जुळला."

"फाइल नाही रे. पेन ड्राइव्ह. लिहिल्यानंतर."

"माझा पेन ड्राइव्ह आहे तो. किल्ल्यांच्या जुडग्यातला. त्याच्यावर मी शेकडो यंत्रं उठवलीत."

"म्हणूनच विचारतोय," तो म्हणाला. मग चावणं थांबलं. "वहिनी आज येणार ना? मी येऊ का?"

मी नको म्हणालो आणि फोन ठेवला. इतका साधा प्रश्न. यादीत शेवटून दुसरा पर्याय असतो, पेन ड्राइव्ह तपासा, असा. तो मी आजवर कधी निवडला नव्हता. मला वाटायचं तो नवशिक्यांसाठी असतो. निवडला. एक पट्टी हळूहळू सरकत राहिली आणि दहा मिनिटांनी खाली ओळ आली: चार फायलींमध्ये दोष. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. लॅपटॉपवर संशय घेतला, पडद्यावर घेतला, खाचांवर घेतला, तो लॅपटॉप बनवणाऱ्यांच्या सात पिढ्या उद्धरून झाल्या. एका गोष्टीवर तेवढा घेतला नाही, जी माझ्या खिशात असते. तो लाल पेन ड्राइव्ह बाहेर काढला तर चटका बसण्याइतका गरम होता. आठ वर्षं किल्ल्यांबरोबर घासून घासून तो झिजलाय, हे मला दिसत नव्हतं असं नाही.

दुसरा कोरा पेन ड्राइव्ह घरात नव्हता. तीन प्रतींच्या घरात. तिच्या खणात एक सापडला, ग्रंथालयाच्या कुठल्याशा शिबिरात फुकट मिळालेला, पांढरा. त्यावर तिच्या याद्या होत्या, बांधणीला दिलेल्या पुस्तकांच्या, हरवलेल्या पुस्तकांच्या. त्यांच्या मात्र मी माझ्या यंत्रावर दोन प्रती काढल्या आणि तिसरी ऑफिसच्या जागेत चढवली. हात ते आपोआप करत गेले. मग तो पुसला, त्यावर नव्याने लिनक्स लिहायला लावली आणि लिहून झाल्यावर, बावीस वर्षांत पहिल्यांदा, लिहिलेलं तपासलं. तीन वाजायला आले होते. खाली रस्त्यावर गाडीचं दार वाजलं की मी उठून खिडकीशी जात होतो. पांढरा पेन ड्राइव्ह खाचेत घातला. यादी. पहिला पर्याय. गप्प राहायचा शब्द मी या वेळीही खोडला. ओळी पडायला लागल्या, मघाच्या तिन्ही जागा एकामागून एक ओलांडून गेल्या. मग पडदा क्षणभर काळा झाला. तो क्षण मला पुरता आठवतो, कारण तेव्हा मी मोठ्याने, रिकाम्या घरात, "ये गं बाई," असं म्हणालो. आणि निळ्या पार्श्वभूमीवर बाण आला. हलवला तर हलला.

आतली डिस्क उघडली. फक्त वाचायच्या परवानगीने उघडली, म्हणजे चुकून काही लिहिलं जायला नको. तिच्या नावाचं फोल्डर, त्यात माझ्या हाताने लावलेली नावं: एक, दोन, तीन. खाली खाली गेलो. दोनशे बारा. सगळी होती. मी रडलो नाही, आधी कॉपी केली. बाहेरच्या डिस्कवर एक, तिच्या पांढऱ्या पेन ड्राइव्हच्या उरलेल्या जागेत एक. कॉपी चालू असताना मोजदादीत दोनशे तेरा फायली दिसल्या. मला वाटलं, ती दुहेरी असेल, एकशे चाळीसच्या पुढची. तशी नव्हती. शेवटच्या फायलीला नाव नव्हतं, नुसती तारीख आणि वेळ होती, शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळची, आणि लांबी एक्कावन्न मिनिटं. वाक्यं सहा-सात सेकंदांची असतात. मला समजायला वेळ लागला. तिने माइक काढून टेबलावर ठेवला होता. बंद केला नव्हता. मीही केला नव्हता. नंतर प्रोग्राम बंद करताना त्याने विचारलं असेल, जतन करू का, आणि मी न वाचता हो म्हटलं असेल.

आनंद झाला हे कबूल करतो. देवाने म्हणा, माझ्या गलथानपणाने म्हणा, ती संध्याकाळ ठेवून दिली होती. आता मी ती नीट ऐकणार होतो, एकेक शब्द. मी स्पीकर जोडला आणि फाइल लावली. आधी टकटक ऐकू आली, कळफलकाची, खिळे ठोकावेत तशी. मग "हं." इतका जवळून की मी दचकलो. माझाच. माइक टेबलावर होता, माझ्या कोपराशी. ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला पलंगावर. तिचा आवाज होता, तिचाच, चढउतार ओळखू येत होते, पण शब्द सुटे होत नव्हते; टकटकीच्या पलीकडे कुणीतरी बोलत होतं. मी आवाज वाढवला. टकटक वाढली. आणखी वाढवला. "...आईला तेव्हा..." टकटक. "हं." "...असं नाही की भीती वाटत नाही, पण..." टकटक, टकटक. "हं. हो ना." मी कान स्पीकरला लावला. मी पुढे ढकललं, मागे घेतलं. मला सगळीकडे मीच ऐकू येत होतो. दर आठ-दहा सेकंदांनी, योग्य जागी, अगदी समजूतदार सुरात, हं. मला त्या माणसाचं तोंड दाबावंसं वाटलं. पस्तिसाव्या मिनिटाच्या आसपास तिचं बोलणं थांबलं. थोडा वेळ नुसती टकटक. मग ती, जरा मोठ्याने, पहिल्यांदाच स्पष्ट: "ऐकतोयस ना?"

"हं, बोल ना. ऐकतोय."

पुन्हा टकटक. आणि मग शाळेत म्हणतात तशा खणखणीत आवाजात, शब्द न् शब्द सुटा:

"सतरा एके सतरा."

"हं."

"सतरा दुणे चौतीस."

"हं."

"सतरा त्रिक एक्कावन्न."

"हो ना."

"सतरा चोक अडुसष्ट."

"बरोबर आहे तुझं," मी म्हणालो होतो.

मी खुर्चीत बसून होतो आणि मला ते थांबवता येत नव्हतं. सतराचा संपला, अठराचा सुरू झाला. ती मजेत म्हणत होती की चिडून, मला सांगता येणार नाही. न अडखळता, एका लयीत म्हणत होती, आणि मी एका लयीत हं म्हणत होतो. तिच्या सगळ्यांत स्पष्ट, कुठेही कापायची गरज नसलेल्या ओळी त्या होत्या. थेरपिस्ट बाईंना आवडल्या असत्या. मला जाणवलं की गळा कापला जायच्या आदल्या संध्याकाळी माझी बायको नवऱ्याला पाढे म्हणून दाखवत होती, कारण नवरा काहीही ऐकून घेत होता. लाज वाटली असं म्हणणं फार थोडं होईल. मला तिथून उठून कुठेतरी जावंसं वाटत होतं, आणि जायला जागा नव्हती, कारण "एकोणीस चोक शहात्तर," असं ती म्हणाली तेव्हा मागून मेहुणीचा आवाज आला.

"भाऊजी, हे काय लावलंय? खाली जिन्यापर्यंत पाढे ऐकू येताहेत."

तिच्याकडे घराची किल्ली असते. मी फाइल थांबवली. दारात दोघी होत्या. मेहुणीच्या हातात पिशव्या आणि तिच्यामागे बायको, गळ्याला सैलसर रुमाल, काखेत ती लहान पाटी, चेहरा अर्ध्याने उतरलेला. ती माझ्याकडे बघत नव्हती, लॅपटॉपकडे बघत होती. तिला कळलं होतं. स्वतःच म्हटलेलं न कळायला काय झालं. मेहुणी तिच्याकडे, माझ्याकडे बघून पिशव्या घेऊन स्वयंपाकघरात गेली. मी उठलो. दोनशे बारा आहेत, सगळी आहेत, असं सांगायचं मनात होतं. ते सांगितलंच नाही.

"त्याच्या आधी काय सांगत होतीस?" मी विचारलं. "पाढ्यांच्या आधी. पस्तीस मिनिटं बोललीस तू. मला काहीच ऐकू येत नाहीये. काय होतं ते? सांग ना. लिही. कितीही वेळ लागू दे."

ती सावकाश पलंगापाशी गेली आणि चढ उशांना टेकून बसली. पाटी मांडीवर घेतली. खडूचं टोक पाटीवर टेकवलं, एकदा लिहायला लागली, आणि ते तळहाताने पुसलं. काय पुसलं ते मला दिसलं नाही. मग झरझर लिहून तिने पाटी माझ्याकडे वळवली.

'एकोणीस पाचे?'

मला वाटलं ती थट्टा करतेय. तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, रागही नव्हता. ती उत्तराची वाट बघत होती. मी उभ्या उभ्या हिशोब केला.

"पंच्याण्णव," मी म्हणालो.

तिने खिडकीबाहेर बघत मान हलवली, मी पडद्याकडे बघत हं म्हणायचो तशी.

मी वाट बघितली. ती खिडकीबाहेरच बघत होती. तिथे समोरच्या इमारतीच्या भिंतीशिवाय काही नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला मी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर तिने पाटी बाजूला ठेवली असती, हे मला दिसत होतं.

"एकोणीस सक एकशे चौदा," मी म्हणालो.

तिने तिकडेच बघत मान हलवली.

"एकोणीस साते एकशे तेहेतीस."